गुरुवारचा पाव

६ जानेवारी

ती. ताईस,

तुझ्या बारक्याचा नमस्कार. गुरुवारचा पाव बसने पोचला असेलच. या खेपेला वरून तीळ जास्त पडलेत, ते मुद्दाम टाकले होते असं समज.

काल डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन आलो. तिघांनी मिळून माझ्या डोळ्यांत थेंब घातले, विजेऱ्या मारल्या आणि उजव्या डोळ्यात मोतिबिंदू पिकलाय असं जाहीर केलं. डाव्यातलाही वाटेवर आहे म्हणे. मी म्हटलं, काढून टाका. तर म्हणे आधी रक्त तपासू. तपासलं. साखर निघाली दोनशे नव्वद. ताई, एवढी साखर मी गोड बनमध्येसुद्धा घालत नाही.

डॉक्टरीणबाई आमच्या सूनबाईच्या वयाच्या. म्हणाल्या, साखर उतरल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही, एप्रिलअखेर या, तोवर गोळ्या घ्या आणि पाव कमी करा. दिवसाला दोन काप, बस. मी म्हटलं, बाई, मी बेकरीवाला आहे, अडतीस वर्षं भट्टीवर आहे. त्या म्हणाल्या, मग सोपंच आहे, विका की, खाता कशाला?

तुझ्यापासून काय लपवायचं, डोळ्यांचं जरा अवघडच झालंय. पाव पांढरट आहे की तांबूस झालाय हे भट्टीच्या दारातून कळत नाही. वाकून बघावं लागतं आणि वाकलं की भुवया जळतात. एप्रिलपर्यंत साखर उतरली नाही तर डोळ्याचं ऑपरेशन राहिलं, आणि ते राहिलं तर भट्टी गेली. भट्टी गेली तर मी दिवसभर करू काय? घरात बसून भिंती मोजू? मुलगा जहाजावर, घरात मी आणि सूनबाई. तिला मी किरकोळ आहे म्हणून सांगितलंय. तूही बोलू नकोस.

तुझा,
बारक्या

११ जानेवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद आत्ता देत नाही. यंदा ते मिळवावे लागतील.

तुझं पत्र पाच कागदांवर आलं. एवढाच मजकूर तू पूर्वी दीड कागदात बसवायचास. अक्षर मोहरीएवढं असायचं, ते आता लिंबाएवढं झालंय. चाळीस वर्षं छापखान्यात लोकांच्या चुका काढत आले, अक्षर वाढलेलं मला लगेच दिसतं. तेव्हा डोळ्यांचं 'जरा' अवघड आहे हे मला शिकवू नकोस.

आता पावाचं. दोन काप म्हणतोस. मला तुझे काप माहीत आहेत. दुकानात काप करायचं यंत्र आहे, गिऱ्हाइकांना त्याचे काप आणि स्वतःसाठी मात्र सुरी. पुढच्या पत्राबरोबर पुरावा हवा. काप कागदावर उभा धर आणि त्याच्या जाडीला दोन्ही बाजूंनी पेन्सिलीने रेघ मार. माझ्याकडे छापखान्यातली पट्टी आहे.

आणि पावाऐवजी काय खायचं ते विचारलंस का त्या बाईंना? नसणारच. काकडी खा, कोबी खा, डाळ खा, अंडं खा. जेवणानंतर अर्धा तास चाल. भट्टीभोवती घिरट्या घातलेल्या धरायच्या नाहीत.

पाव पोचला. टोपली उघडली तर जिन्यापर्यंत वास गेला. रंगही सुरेख होता. एक कड किंचित करपली होती, पण ते तुला दिसलं नसेल.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,

सोबत कापाची रेघ पाठवली आहे. काप नंतर मीच खाल्ला, पुरावा नष्ट केला असं म्हणू नकोस.

उंटावरून शेळ्या हाकणं तुला कोणी शिकवलं? तिथे बसून म्हणतेस कोबी खा. सकाळी काकडी, दुपारी कोबी, संध्याकाळी उरलेला कोबी. मला आता माणसापेक्षा शेळ्याच जवळच्या वाटायला लागल्यात. पण खातोय. चालतोयसुद्धा. काल गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि विजेच्या खांबाला नमस्कार केला, मला वाटलं आमचे गिऱ्हाईक मास्तर उभे आहेत.

सूनबाई विचारत होती, भट्टीवर येऊ का मदतीला. मी म्हटलं, तू आपली दुकानातच उभी राहा. पावाला हात बसायला वीस वर्षं लागतात. तिला या घरात येऊन तीन झाली, तीही दुकानाच्या फळीमागे. पोरगी गुणी आहे, पण घाणा निघाला की तो बरोबर आहे की नाही हे जिभेलाच कळतं, आणि ती जीभ माझी आहे.

तुझा,
बारक्या

२४ जानेवारी

चि. बारक्यास,

पट्टी लावली. पावणेदोन इंच. हा काप आहे की उंबरठा? असे दोन खाल्लेस की अर्धा पाव आत गेला. वर डॉक्टरीणबाईंसमोर तोंड पाडून म्हणशील, 'दोनच खातो हो.'

आजपासून यंत्राचा काप. यंत्राला तुझ्यासारखी भूक लागत नाही. रेघ पाठवू नकोस, सूनबाईला सही करून पाठवायला सांग.

तुझ्या जिभेबद्दल मला आदर आहे. पण लहानपणी याच जिभेने तू काकवीचा डबा चाटून लपवला होतास, त्यात काकवी नव्हती, खळ होती. दोन दिवस तुझं तोंड उघडत नव्हतं. घरातले सगळ्यात शांत दोन दिवस होते ते.

विजेच्या खांबाचं वाचून हसले. मग हसू थांबलं. जपून चाल रे.

तुझी,
ताई

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावू नकोस. कामं होती.

यंत्राचेच काप खातोय. इतके पातळ की त्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल, म्हणजे ज्याला वाचता येतं त्याला. पण गंमत बघ, परवा रक्त तपासलं तर साखर दोनशे पंच्याहत्तर. दीड महिना कोबी खाऊन फक्त पंधरा उतरली. डॉक्टरीणबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी खिशात पाव घेऊन आलोय. तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगतो, दिवसाला दोन काप, वर एक नाही. माझ्या रक्तातच काहीतरी खोट असणार. अशानं एप्रिलला माझा डोळा होत नाही, हे मला आता दिसायला लागलंय. तेवढं एकच दिसतंय म्हण.

दुसरं एक काम आहे. भट्टीवरचं घड्याळ बिघडलंय, ते अण्णांच्या वेळचं, लंबकाचं. मागे पडतं. त्यामुळे या महिन्यात तीन घाणे करपले. हल्ली मी रंगापेक्षा घड्याळावर जास्त विसंबतो आणि तेच दगा देतंय. तुझ्या खालच्या मजल्यावर घड्याळजी राहतात ना, त्यांना दाखव. येत्या गुरुवारी पावाबरोबर बसने पाठवतो, जुन्या टॉवेलात गुंडाळून. पाव कुठला आणि घड्याळ कुठलं हे तुला ओळखू येईलच.

तुझा,
बारक्या

२६ फेब्रुवारी

ती. आत्यांना,

सूनबाईचा नमस्कार. तुम्हाला मी स्वतःहून पहिल्यांदाच लिहिते आहे. बाबांना सांगू नका.

तुम्ही सही मागितली होती, म्हणून महिनाभर कापांवर लक्ष ठेवलं. काप खरंच दोन असतात आणि पातळ असतात. बाबा खोटं बोलत नाहीत. पण आत्या, ते बुडखे धरत नाहीत.

दिवसाला सहा घाणे निघतात. प्रत्येक घाण्यातला पहिला पाव ते हातात घेतात, एका टोकाचा बुडखा मोडतात, फुंकर घालतात आणि खातात. मग मान हलवली की तो घाणा दुकानात येतो. बुडखे तरी केवढे, मूठभर. गोड बनच्या घाण्याला अख्खा बन. मी एकदा म्हटलं, बाबा, हा पावच आहे की. तर म्हणाले, अगं हे खाणं नव्हे, हे काम आहे. ते अगदी मनापासून तसं मानतात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाही त्यांना बुडखे आठवलेसुद्धा नाहीत.

आणि घड्याळाला काही झालेलं नाही. काटे कुठे आहेत ते त्यांना दिसत नाही. तीन घाणे करपल्याचं त्यांनी लिहिलं असेल, सात करपले. परवा पिठाच्या पोत्याला अडखळून पडले. गुडघा खरचटला, तो अजून ओला आहे. मी भट्टीवर येते म्हटलं तर म्हणतात फळीमागे उभी राहा. मी उभी राहते. पण तिथून मला वास येतो हो, आत्या. पाव झालेला मला तिथून कळतो आणि मला ओरडून सांगता येत नाही. मला काय कळतं असं ते म्हणतील.

मला त्यांच्या डोळ्यांची भीती वाटते. तुमचं ते ऐकतात, म्हणजे निदान तुम्हाला घाबरतात.

तुमची,
सूनबाई

१० मार्च

ताई,

घड्याळ परत मिळालं. चालू आहे. सोबत तुझ्या घड्याळजींची चिठ्ठी होती. अक्षर बारीक, म्हणून सूनबाईकडून वाचून घेतली. ऐकली तशी तुलाही लिहून पाठवतो:

'आपलं घड्याळ निर्दोष आहे. आठवडाभर माझ्या भिंतीवर लावून पाहिलं, मिनिटाचाही फरक नाही. तेल घालून परत करीत आहे. मजुरी घेणार नाही. दोन वर्षं दर गुरुवारी ताई आपला पाव मला आणून देतात, स्वतःला कणभरही न ठेवता. एकट्या माणसाला तो तीन दिवस पुरतो. आपल्या हाताला दीर्घायुष्य लाभो.'

सूनबाईने मोठ्याने वाचलं आणि मग हळूच कागदाची घडी घातली.

दोन वर्षं, ताई. ऊन असो, पाऊस असो, ताप असो, मी बुधवारी रात्री तुझं पीठ वेगळं भिजवतो. बसवाल्याच्या हातापाया पडतो की टोपलीवर बॅग ठेवू नकोस. आणि तू तो जिन्यावरून उतरवून देतेस? आता मला आठवतंय, तुझ्या पत्रांत वास असतो, रंग असतो, टोपली असते. चवीबद्दल अक्षर नाही. मीच बावळट, वाटायचं ताईला काय लिहायचं रोज रोज.

माझा पाव आवडत नव्हता तर तोंडावर सांगायचंस. मला जाडी मोजायला लावतेस आणि स्वतः एक घास खात नाहीस. या गुरुवारी पाव पाठवणार नाही. घड्याळजींना माझा नमस्कार सांग, त्यांचा काही दोष नाही.

बारक्या

१४ मार्च

चि. बारक्यास,

पकडली गेले. आता सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस.

दोन वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. तीनशे दहा. तुझ्यापेक्षा वीस जास्त, मोठी आहे ना मी. माझाही पाव तेव्हाच बंद झाला. कोबीची माझी माहिती पुस्तकातली नाही, आता तरी ओळख.

तुला का नाही सांगितलं, तर तारीख आठव. त्याच महिन्यात तुझी बायको गेली. तू भट्टी विझवून बसला होतास. मी आले, समजावलं, रागावले, पालथ्या घड्यावर पाणी. तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचास. मी परत आले ती रडतच. तीन आठवडे दर गुरुवारी बसथांब्यावर जायचे, काही यायचं नाही. आणि चौथ्या गुरुवारी टोपली आली. वेडावाकडा पाव, एका बाजूने बसलेला. तिथेच बाकावर बसले आणि टोपली मांडीवर घेऊन रडले. म्हटलं, माझा भाऊ उठला. तो पाव नको म्हणून तुला कसं लिहायचं होतं, ते तू मला सांग. मला नाही जमलं. चूक झाली ती झाली, पण तुझा पाव आवडत नाही असं पुन्हा म्हणालास तर तिथे येऊन कान धरीन.

आता तुझी पाळी. चिठ्ठीतलं पावाचं वाक्य तुला झोंबलं. पहिलं ऐकलंस का? घड्याळ निर्दोष आहे. डोळे दाखवायचे तर घड्याळ पाठवलंस, बारक्या. आणि तुझ्या रक्तात खोट नाही, तुझ्या हातात बुडखा आहे. दिवसाला सहा घाणे, सहा बुडखे, शिवाय बन. मला कोणी सांगितलं ते विचारायचं नाही. छापखान्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, चूक कोणी केली ते बघायचं, कोणी दाखवली ते नाही.

म्हणे हे काम आहे. मग हे आठव. अण्णांना तू कधी बुडखा खाताना पाहिलंस? मी नाही पाहिलं. ते पाव उलटा करायचे, बुडाला बोटाच्या पेराने ठोकायचे आणि कानाशी धरायचे. आतून पोकळ आवाज आला की झाला. आपल्याला वाटायचं ही त्यांची ऐट. मग ते दोन्हीकडचे बुडखे मोडायचे, एक तुला, एक मला, आणि आपण शाळेत. तेव्हा मला कळलं नाही. आता साखरेच्या गोळ्या घेता घेता कळलं. बुडखे दोन, पोरं दोन. त्यांना खायला काही उरतच नव्हतं, म्हणून ते ठोकायला शिकले.

तेव्हा उद्यापासून तू ठोक. आणि चव घ्यायचीच असेल तर ती जीभ सूनबाईची. एप्रिलअखेर दीड महिन्यावर आलीय. मला तुझे डोळे हवेत, जिभेचं नंतर बघू.

तुझी,
ताई

३१ मार्च

ती. ताईस,

तुझ्याशी वर्षभर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पंधरा दिवस टिकलो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, त्यापेक्षा सहा जास्तच झाले.

तीनशे दहा असून मला एक अक्षर कळवलं नाहीस. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणायला घेतलं, पण तू तर कोरडी पाषाण निघाली नाहीस, गुपचूप कोबी खात बसलीस. मला भांडायला जागाच ठेवली नाहीस. बाकावरचं वाचून मी पिठाच्या खोलीत जाऊन बसलो. सूनबाईला सांगितलं, डोळ्यात पीठ गेलं.

बुडख्यांचं मी खरंच धरत नव्हतो, ताई. मोजले तेव्हा घाम फुटला.

पहिल्या दिवशी ठोकून बघितलं. सगळे पाव सारखेच बोलतात. कच्चा, पक्का, सगळे एका सुरात. अण्णांना काय ऐकू यायचं कोण जाणे. शेवटी नाइलाज म्हणून सूनबाईला हाक मारली, बुडखा मोडला आणि तिच्या हातावर ठेवला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं ते मी गिळलं. तिने चावून खाल्लं आणि म्हणाली, बाबा, मीठ जास्त आहे.

अडतीस वर्षांत मला कोणी असं म्हटलेलं नाही. मी म्हटलं, मीठ मुठीने घालतो, मूठ तीच आहे. ती म्हणाली, मूठ तीच आहे, पण तुम्ही एकदा घालता आणि घातलं की नाही हे दिसलं नाही की परत घालता. मास्तर हल्ली आमच्याकडून पाव का नेत नाहीत त्याचं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी भट्टीचं दार उघडायला गेलो तर फळीमागून आवाज आला, बाबा, अजून दोन मिनिटं. म्हटलं, तुला तिथून काय दिसतं? म्हणे दिसत नाही, वास कच्चा आहे. दोन मिनिटांनी काढला. ठोकला. आणि ताई, पोकळ वाजला. पहिल्यांदा फरक कळला मला.

आता ती आत असते आणि फळीमागे मी उभा राहतो. गिऱ्हाईक विचारतं, आज तुम्ही इकडे? मी सांगतो, बढती मिळाली.

गुरुवारी पाव पाठवतोय. पत्ता तुझा, नाव घड्याळजींचं.

तुझा,
बारक्या

२९ एप्रिल

ती. ताईस,

एकशे चाळीस. सूनबाईने कागद वाचला, मग डॉक्टरीणबाईंनी वाचला, मग मी त्यांना आणखी एकदा वाचायला लावला. म्हणाल्या, काय केलंत? मी म्हटलं, ठोकायला लागलो. त्यांनी तो शब्द लिहून घेतला नाही.

बारा मे ठरलीय. गुडघ्याची जखमही सुकली, तिच्याबद्दल तुला सांगितलंच नव्हतं, पण तुला ठाऊक असणारच. तुझे हेर फळीमागे असायचे, आता भट्टीवर असतात.

ताई, मला भीती वाटते. सूनबाईसमोर मी मोठ्या गप्पा मारतो. पण उघड्या डोळ्यात सुरी घालणार म्हणजे काय? माझ्याहून पातळ काप करतील ते. तू येशील का? भट्टी आठ दिवस बंदच ठेवणार आहे, धग आणि पीठ चालणार नाही म्हणतात. ये. दोघांपुरता कोबी आणून ठेवतो.

तुझा,
बारक्या

१४ जून

ती. ताईस,

बघ, एका कागदात पत्र. अक्षर मोहरीएवढं. पट्टी लावून बघ हवं तर.

तू गेल्यापासून घर शांत झालंय. डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा मी तुला बघून 'ताई, केवढी म्हातारी झालीस' म्हणालो, त्याचा राग गेला असेल तर पुढे वाच. तू नर्सला म्हणालीस, पट्टी परत बांधा, याला जास्तच दिसतंय. दवाखान्यात अजून तेच सांगतात सगळ्यांना.

भट्टी सुरू झाली. पहिल्या दिवशी मी आत जाऊन नुसता उभा राहिलो. चार पावलांवरून रंग दिसतो, ताई. कडेला गडद, मध्ये फिका, वरती एक चीर, सगळं. वर्षभर मी पाव अंदाजाने बघत होतो, हे पाव दिसल्यावर कळलं. सूनबाईने फावडं माझ्या हातात द्यायला पुढे केलं. मी घेतलं, दोन पाव काढले आणि तिला परत दिलं. म्हटलं, दुपारचे घाणे माझे, सकाळचे तुझे. बढती मिळालेल्या माणसाने एकदम खाली यायचं नसतं.

तू आलीस तेव्हा भट्टी थंड होती, म्हणून तुला काही खाऊ घालता आलं नाही. म्हणून या गुरुवारच्या टोपलीत दोन वस्तू आहेत. पाव घड्याळजींचा. त्याची दोन्ही टोकं मी कापली आहेत, त्यांची माफी माग. वेगळ्या कागदात एक बुडखा आहे, तो तुझा. डॉक्टरीणबाईंना विचारून पाठवलाय, त्या दिवशी दुसरा काप घेऊ नकोस. खाऊन सांग, कोणाच्या हातचा आहे. माझा की सूनबाईचा. नुसता वास आणि रंग लिहिलास तर चालणार नाही.

तुझा,
बारक्या

१९ जून

चि. बारक्यास,

घड्याळजींनी पाव उघडला आणि म्हणाले, ताई, याला दोन्हीकडून उंदीर लागलाय. मी म्हटलं, हो, दोन उंदीर आहेत, एक साठीचा आणि एक सत्तरीला टेकलेला.

माझा बुडखा मी वर आणला. खिडकीपाशी बसले. आधी वास घेतला, सवय जात नाही. मग खाल्ला. दोन वर्षं आणि तीन महिन्यांनी. घाई केली नाही, बाहेरची कड आधी, मऊ शेवटी, आपण शाळेच्या वाटेवर खायचो तसा. अर्ध्यातच डोळे भरले. दोष मिठाचा नव्हता, मीठ अगदी बेताचं होतं.

त्यावरूनच ओळखलं की हा तुझ्या हातचा नाही. तुझा पाव मी खात होते तेव्हाही थोडा खारटच असायचा, सांगायचं राहून गेलं. सूनबाईचाच आहे. पण तू विचारलंस म्हणून खरं ते सांगते. डोळे मिटले तर हा अण्णांच्या हातचा लागतो. तिने त्यांना पाहिलेलंही नाही. तिला हे पत्र तूच वाचून दाखव, स्वतःच्या डोळ्यांनी, आणि या जागी थांबू नकोस, पीठ गेलं वगैरे म्हणायचं नाही.

दुसरा बुडखा तू त्याच दिवशी खाल्लास, हे तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. मग झालं तर. बुडखे दोन, पोरं दोन.

जानेवारीत अडवून ठेवलेला आशीर्वाद या पत्राबरोबर पाठवते आहे. तू तो मिळवलास.

तुझी,
ताई

ता. क. बुडखा पावणेदोन इंच होता. पट्टी लावली नाही. मलाही डोळे आहेत.